घरच्या मैदानाचा लाभ : बहुराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धांतील स्थलनिश्चितीचा प्रश्न

साखळी स्पर्धेत घरच्या मैदानाचा लाभ मोजणे फारसे अवघड नसते. प्रत्येक संघ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा परक्या मैदानावर खेळतो. अशा समतोल कार्यक्रमात यजमान संघांनी निम्म्याहून अधिक सामने जिंकले, तर त्या आधिक्यास घरचा लाभ म्हणावे, अशी व्याख्या कोर्निया व कॅरन यांनी १९९२ मध्ये मांडली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मात्र हा समतोलच नसतो. यजमान संघ आपल्या भूमीवर खेळतो. परतीचा सामना होतच नाही. त्यामुळे त्याच्या यशात गुणवत्तेचा वाटा किती आणि मैदानाचा किती, हे सहजासहजी वेगळे करता येत नाही. एकच स्पर्धा अनेक देशांत विभागून खेळविली की ही अडचण आणखी वाढते. कारण मग यजमान अनेक असतात, पण ‘घर’ सर्वांच्या वाट्यास सारखे येत नाही.

या प्रश्नाचा उलगडा करावयाचा, तर ‘घर’ ही एकसंध वस्तू मानून चालणार नाही. तिच्यात निदान तीन घटक एकत्र आलेले असतात : मैदान व हवामान यांचा परिचय, प्रवासाच्या श्रमांतून मुक्तता, आणि प्रेक्षकांचा पाठिंबा. यांपैकी तिसऱ्या घटकाचा परिणाम केवळ खेळाडूंवर होत नाही. नेव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० पंचांना एकाच सामन्याचे चित्रण दाखविण्यात आले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, तर काहींना आवाजाविना. ज्यांच्या कानी तो आवाज पडला, त्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी नियमभंग दिले. म्हणजे ज्यास मैदानाचा गुण म्हणावयाचे, त्याचा काही अंश वस्तुतः पंचाच्या निर्णयात असतो.

हे घटक एकमेकांपासून विलग झालेले पाहावयाचे असल्यास नवी मुंबईचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे गाव आता खारघर उपनगराचा भाग झाले आहे. खारघरहून उपनगरी रेल्वेने निघाल्यास नेरूळ हे तिसरे स्थानक, तेथेच डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगण आहे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा बेलपाड्याच्या प्रेक्षकास पॅराग्वे, माली, तुर्कस्तान, न्यूझीलंड यांचे सामने आणि स्पेन-माली हा उपांत्य सामनाही घराजवळ पाहावयास मिळाला. भारताचे तिन्ही सामने मात्र सुमारे चौदाशे किलोमीटर दूर दिल्लीस झाले. अमेरिकेने भारतास ३-०, कोलंबियाने २-१ व घानाने ४-० असे पराभूत केले. नेरूळला मैदान होते, प्रेक्षक होते. यजमान संघ नव्हता.

२०२२ च्या जानेवारीत याच्या नेमके उलट घडले. आशियाई महिला चषकाचे सर्व सामने नवी मुंबई, अंधेरी व पुण्याजवळील बालेवाडी या तीन मैदानांवर ठेवण्यात आले होते. भारतीय संघ नेरूळलाच खेळणार होता; परंतु साथीमुळे प्रेक्षकांस प्रवेश नव्हता. २० जानेवारीस इराणशी ०-० अशी बरोबरी झाली. २३ जानेवारीस चिनी तैपेईविरुद्ध नियमानुसार आवश्यक असलेल्या १३ खेळाडूही संघास उभ्या करता आल्या नाहीत, कारण अनेकींना संसर्ग झाला होता. भारत स्पर्धेतून बाद ठरला. ही स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता स्पर्धाही असल्यामुळे तो मार्गही तेथेच बंद झाला. परिचयाचे मैदान व प्रवासाची बचत हे दोन्ही लाभ हाताशी असूनही त्यांचा उपयोग झाला नाही. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानावर झाला व स्पेनने कोलंबियास १-० असे हरविले; भारताचे तिन्ही सामने तत्पूर्वी भुवनेश्वरला होऊन तिन्हींत पराभव पदरी आला होता. तात्पर्य, यजमानपद देशास मिळते. घर मात्र संघास मिळेलच असे नाही.

एका देशातही जर असे घडते, तर अनेक देशांच्या स्पर्धेत त्याचे स्वरूप अधिक तीव्र होणे साहजिक आहे. युरोपीय अजिंक्यपदाची २०२० ची स्पर्धा, जी प्रत्यक्षात २०२१ मध्ये झाली, ११ देशांतील ११ शहरांत खेळविली गेली. पात्र ठरलेल्या यजमानांपैकी इटली, स्पेन, इंग्लंड, डेन्मार्क, जर्मनी व नेदरलँड्स या सहांना गटातील तिन्ही सामने घरी मिळाले. रशिया, स्कॉटलंड व हंगेरी यांना दोनच. पहिल्या सहांपैकी चार संघ उपांत्य फेरीत पोहोचले, तर दुसरे तिघेही आपापल्या गटात तळाशी राहिले. याउलट स्वित्झर्लंडला बाकू, रोम, पुन्हा बाकू, मग बुखारेस्ट व सेंट पीटर्सबर्ग असा प्रवास घडला.

हे आकडे प्रथमदर्शनी निर्णायक वाटतात. तथापि त्यांवरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण ते सहा संघ मुळातच बलवान होते. या स्पर्धेत अभ्यासकास खरोखर उपयोगी पडणारी गोष्ट निराळीच आहे. एकाच गटातील दोन्ही यजमान थेट पात्र ठरल्यास त्यांच्यातील सामना कोणाच्या घरी व्हावा, हे सोडतीने ठरविले जाणार होते. सोडत बलाबल पाहत नाही. दोन यजमानांतील सामने तीन झाले, पण त्यांपैकी केवळ पहिल्याचे स्थळ सोडतीने ठरले होते : डेन्मार्कने रशियास ४-१ असे हरविले, इंग्लंड व स्कॉटलंड ०-० असे, तर जर्मनी व हंगेरी २-२ असे बरोबरीत राहिले. घरी खेळलेला एकही संघ हरला नाही. परंतु तीनपैकी दोन वेळा तो जिंकलाही नाही. तीन सामन्यांवरून नियम सिद्ध होत नाही, पण पद्धतीची दिशा दिसते. पुढे इंग्लंडने सातपैकी सहा सामने वेम्ब्लीवर खेळूनही अंतिम सामना त्याच मैदानावर इटलीकडून पेनल्टी फटक्यांत गमावला.

२०२६ च्या विश्वचषकासाठी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको हे तीन यजमान ठरले. कार्यक्रमपत्रिकेत १०४ पैकी ७८ सामने अमेरिकेस, तर उरलेल्या दोघांस प्रत्येकी १३ सामने देण्यात आले; उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सर्व सामने अमेरिकेतच ठेवण्यात आले. अर्थात मेक्सिको वा कॅनडा यांचे यजमानपद नावाने शेवटपर्यंत असले, तरी त्यांच्या घराची मर्यादा त्यापूर्वीच आखली गेली होती.

यावरून संशोधनास दोन सूचना मिळतात. पहिली, ‘यजमान’ व ‘पाहुणा’ एवढ्या दोन रकान्यांत सामन्यांची नोंद करणे अपुरे आहे. मैदानाचा परिचय, प्रवासाचे अंतर व प्रेक्षकांची उपस्थिती यांची नोंद स्वतंत्रपणे झाली पाहिजे. दुसरी, जेथे लाभाची वाटणी सोडतीने झाली असेल, ते सामने प्रथम तपासावेत, कारण तेथेच गुणवत्ता व मैदान यांची गल्लत सर्वांत कमी असते. संयोजकांच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. संघांना समान संधी देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांनी ज्या दिवशी मैदानांची यादी निश्चित केली, त्याच दिवशी त्या संधीचा काही भाग वाटूनही टाकलेला असतो.