पेटीचा भाता आणि झेब्रा मासा

घरच्या काचेच्या टाकीत पळणारा पट्टेरी झेब्रा मासा आपल्याच देशातला. गंगेतील माशांवरच्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे वर्णन केले. त्याचे पिल्लू पारदर्शक असते, म्हणून तो आता जगभरच्या प्रयोगशाळांत पाळतात.

जर्मनीतील ट्युबिंगेनच्या शास्त्रज्ञांनी १९९६ साली हालचाल बिघडलेल्या अनेक झेब्रा माशांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या एका प्रकाराला 'अकॉर्डियन' म्हणतात. निरोगी पिल्लाला हलकेच स्पर्श केला की अंगाची एक बाजू आवळते, मग दुसरी, आणि ते सुळकन पळते. अकॉर्डियन पिल्लाच्या दोन्ही बाजू एकदम आवळतात. पेटीचा भाता मिटावा तसे ते आखूड होते आणि जागीच राहते.

पाहणाऱ्याला वाटेल, याला पळायचेच नाही. पण दोष स्नायूत असतो. स्नायू आवळताना आत कॅल्शियम सुटते. ते परत साठवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेला असतो. कॅल्शियम वेळेवर आवरले जात नाही, म्हणून स्नायू लवकर सैल होत नाही.

माणसात याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर ब्रॉडी आजार होतो. धावताना, जिना चढताना स्नायू ताठरतात. थंडीत त्रास वाढतो. तेव्हा खेळताना वारंवार आखडणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. वागण्यात दिसते ते सगळेच स्वभावातले नसते.