दारोदारचा उपदेश आणि निरपेक्ष सेवा

आपला धर्म दुसऱ्यास सांगावा की न सांगावा, याविषयी निरनिराळ्या धर्मांच्या समजुती निरनिराळ्या आहेत. आपल्याकडे कीर्तनकार देवळात उभा राहतो. ज्यास ऐकावयाचे तो येऊन बसतो, ज्यास नको तो घरी राहतो. वासुदेव व रामदासी दारी येतात हे खरे. परंतु ते भिक्षा मागतात, यजमानाने आपला देव बदलावा असे सांगत नाहीत. याच्या उलट वक्त्यानेच श्रोत्याचे दार ठोठवावे, अशी ज्यांची रीत आहे, अशा पंथांत अमेरिकेतील मॉर्मन पंथ अग्रेसर होय. या पंथाच्या तरुण प्रचारकांनी दारोदार हिंडणे सोडून तो वेळ लोकसेवेत घालवावा की काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. प्रश्न परक्यांचा असला तरी त्यातील मर्म कोणत्याही धर्माच्या माणसास विचार करावयास लावील असे आहे. म्हणून त्याची थोडी चर्चा करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या पंथाची ओळख. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क संस्थानात याची स्थापना केली. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ त्याच वर्षी छापला गेला. त्यावरून लोकांनी अनुयायांस मॉर्मन हे नाव दिले. पंथाचे स्वतःचे नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे, व 2018 मध्ये त्या वेळच्या अध्यक्षांनी तेच वापरावे असा आग्रह धरला; परंतु नाव लांब असल्यामुळे येथे आम्ही रूढ नावच ठेविले आहे. 1844 साली जमावाने स्मिथचा वध केला. पुढे ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखाली हे लोक शेकडो कोस चालत 1847 मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले. आज यूटा संस्थानातील सॉल्ट लेक सिटी हेच त्यांचे मुख्य ठाणे आहे.

दारोदार हिंडण्यास या पंथात एवढे महत्त्व का, हे त्याच्या इतिहासावरून कळते. 1830 साली स्मिथचा धाकटा भाऊ सॅम्युएल पाठीवरच्या झोळीत ग्रंथाच्या प्रती घालून गावोगाव निघाला. बहुतेकांनी त्यास परत पाठविले. एक प्रत मात्र यंग घराण्यातील एका भावाच्या हाती पडली, ती घरात फिरत फिरत ब्रिगहॅमकडे आली, आणि तोच पुढे पंथाचा धुरीण झाला. नकारांच्या राशीतून एक होकार निघतो व तो सर्व श्रमांचे सार्थक करितो, ही श्रद्धा तेव्हापासून त्यांच्या मनात रुजली आहे. हे लोक आपल्या प्रांतासही अगदी अपरिचित नाहीत. 1852 साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक मुंबईस उतरला व पुढे पुण्यासही आला. परंतु हिंदुस्थानातील त्या मोहिमेस फळ अत्यल्प आले, आणि 1856 च्या सुमारास ती आटोपती घ्यावी लागली.

आजची व्यवस्था अशी. पंथाच्या तरुणांनी दोन वर्षे व तरुणींनी दीड वर्ष प्रचारास द्यावे, असा संकेत आहे. 2012 मध्ये मुलांची वयोमर्यादा 19 वरून 18 वर व मुलींची त्या वेळेपुरती 21 वरून 19 वर आणण्यात आली होती. कोणत्या देशी जावयाचे हे वरिष्ठ ठरवितात. खर्च सामान्यतः घरच्यांनीच सोसावयाचा. अमेरिकेतील प्रचारकामागे महिना 400 डॉलरची रक्कम होती, ती 2020 मध्ये 500 झाली. पांढरा सदरा, गळपट्टी, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि सदैव बरोबर एक जोडीदार, असा त्यांचा थाट असतो. पूर्वी या मुलांस वर्षातून दोनदाच घरी दूरध्वनी करण्याची मुभा असे. 2019 पासून आठवड्यास एकदा मिळाली आहे. अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षे घरापासून दूर ठेवणे म्हणजे काय, हे एकत्र कुटुंबातील आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

या तरुणांच्या त्यागाविषयी आम्हांस आदर आहे. दारोदार हिंडण्याच्या बाजूने जे बोलतात, त्यांचे म्हणणेही पोकळ नाही. ते म्हणतात, आमच्या धर्मात जगास सुवार्ता सांगण्याची आज्ञा आहे, व आज्ञा सोयीप्रमाणे बदलता येत नाही. शिवाय शंभर दारांवर नकार ऐकूनही एकशे एकाव्या दारी हसतमुखाने उभे राहणारा मुलगा जो संयम शिकतो, तो कोणत्याही पाठशाळेत शिकविता येत नाही. कायदाही त्यांच्या बाजूचा आहे. दारोदार प्रचारासाठी आधी परवाना घ्यावा असा नियम ओहायो संस्थानातील स्ट्रॅटन या गावाने केला होता. यहोवाचे साक्षीदार या दुसऱ्या पंथाच्या फिर्यादीवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये तो रद्द ठरविला.

तथापि कायद्याने मुभा असणे निराळे आणि शोभणे निराळे. घर ही माणसाची विसाव्याची जागा. तेथे चुलीवर काही चढविलेले असते, कोणी आजारी निजलेले असते, कोणाचे सुतक चालू असते. आगंतुक आला तर त्यास पाणी द्यावे, हा गृहस्थाचा धर्म आहे. पण त्या सौजन्याचा फायदा घेऊन त्याच्या श्रद्धेविषयी वाद उपस्थित करणे हा पाहुण्याचा धर्म नव्हे. आणि एवढे करून फळ तरी काय? 1990 साली सुमारे 44 हजार प्रचारक होते व त्या वर्षी सुमारे 3 लाख 30 हजार माणसांनी नवी दीक्षा घेतली. 2024 च्या अखेरीस प्रचारक सुमारे 74 हजार झाले, दीक्षा मात्र 3 लाख 8 हजारांच्या आसपास. म्हणजे माणशी साडेसातांवरून हिशेब चारांवर आला. हे पंथाच्या धुरीणांसही उमगले आहे. अनोळखी माणसास घरात घेण्यास लोक पूर्वीसारखे राजी नाहीत, असे 2013 मध्ये त्यांनी स्वतःच बोलून दाखविले, व प्रचारकांस संगणकाच्या जाळ्यावरून लोकांशी बोलण्याची मोकळीक दिली.

मग दारे सोडून सेवा करावी, ही सूचना सरळ वाटते. तिची सामग्रीही पंथापाशी आहे. पूर, वादळ आले की त्यांचे स्वयंसेवक पिवळे अंगरखे घालून मदतीस धावतात. 2005 च्या कॅटरिना वादळात त्यांनी पुष्कळ काम केले. 2024 या एका वर्षात गरजूंसाठी सुमारे 1 अब्ज 45 कोटी डॉलर खर्च झाल्याचे पंथाच्या अहवालात नमूद आहे. प्रकृतीच्या वा अन्य कारणाने ज्यांस प्रचारास जाणे जमत नाही, अशा तरुणांसाठी घरी राहून सेवा करण्याची व्यवस्थाही आहे. परंतु 2024 अखेर अशा तरुण सेवकांची संख्या चार हजारांच्या थोडी वर होती. जुन्या नियमावलीत तर प्रचारकांनी लोकसेवेस आठवड्यातून फार तर चार तास द्यावे असे होते. प्रचार हा नियम व सेवा हा अपवाद, हेच यावरून दिसते.

पण सेवेची सूचना वाटते तितकी निर्दोष नाही, आणि आम्हांस मुख्यतः सांगावयाचे आहे ते हेच. 1960 च्या सुमारास इंग्लंडात काय घडले ते पाहावे. तेथील प्रचारकांवर दीक्षांची संख्या वाढविण्याचा मोठा दाब होता. त्यांनी मुलांसाठी बेसबॉल या चेंडूफळीच्या खेळाचे संघ काढले, व खेळावयास आलेल्या पोरांस भराभर दीक्षा दिल्या. पुष्कळ मुलांस आपण कोणत्या पंथात शिरलो याची जाणीवही नव्हती. पुढे यांतील अनेक नावे वहीतून खोडावी लागली, आणि ‘बेसबॉल दीक्षा’ हा शब्द त्या पंथातच थट्टेचा विषय होऊन बसला. खेळ शिकविणे ही गोष्ट चांगलीच. तिच्यामागे आकड्यांची वही आली आणि तिचे आमिष झाले. उत्तीर्णांच्या टक्क्यांवर शिक्षकाची किंमत ठरू लागली की अध्यापनाचे काय होते, हे आम्ही शाळेत उभा जन्म काढून पाहिले आहे. मोजणी कामाच्या मागून न येता पुढे चालू लागली, की काम तिच्याच मागे जाते.

याचे दुसरे उदाहरण आपल्या पुण्यातील आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले व पुढल्याच वर्षी ते पुण्यास आणिले. विधवांच्या शिक्षणाचे ते काम मोठ्या मोलाचे होते. रानडे व भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळात होते. परंतु मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत असा बभ्रा झाला, 1893 मध्ये या मंडळींनी राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पंडिताबाईंच्या तळमळीविषयी आम्हांस शंका नाही, व दोष कोणाचा किती याचा निवाडा येथे करावयाचा नाही. सेवा आणि धर्मांतर यांची सीमा पुसट झाल्याची नुसती शंका आली, तरी केवढी हानी होते, हे लक्षात घ्यावे. ती हानी प्रचारकास झाली नाही, सुधारकांसही झाली नाही. जिचे पुस्तक अर्ध्यावर मिटले त्या मुलीस झाली.

म्हणून दारावरचा उपदेश उचलून तो सेवेच्या पोटात लपविणे, हा उपाय रोगाहून वाईट ठरेल. दारावर उभा राहणारा निदान आपण कशासाठी आलो हे स्पष्ट सांगतो. त्यास नको म्हणता येते. ज्याने आपल्या आजारी आईची शुश्रूषा केली, पुरात वाहिलेले घर उपसून दिले, त्यास नको म्हणणे भिडस्त माणसास जड जाते. उपकाराखाली दबलेला होकार हा होकार नव्हे.

मग मार्ग कोणता? प्रचारावाचून राहणे या पंथास अशक्य नाही, हे त्याच्याच वर्तनावरून दिसते. 1980 च्या दशकात जेरुसलेमला त्यांनी विद्यापीठाचे केंद्र उभारले, तेव्हा इस्राएलात धर्मप्रचार करणार नाही असे लेखी वचन दिले. रशियात 2016 च्या जुलैमध्ये प्रचारावर कडक निर्बंध आले, तेव्हा तेथील तरुणांस ते प्रचारकाऐवजी स्वयंसेवक म्हणू लागले. सक्तीने जे पत्करता आले, ते स्वेच्छेने पत्करणे अधिक शोभेल.

आमच्या मते तीन गोष्टी कराव्यात. बोलावल्यावाचून कोणाच्या दारी उपदेशास जाऊ नये. आठवड्याचे बहुतेक दिवस सेवेस द्यावेत, व ती सेवा गावच्या रुग्णालयाने, शाळेने वा अन्नछत्राने नेमून दिलेली असावी, म्हणजे कोणास मदत करावयाची हे प्रचारकाच्या हाती राहणार नाही. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण: सेवेच्या ठिकाणी भेटलेल्या माणसांपैकी कितींनी दीक्षा घेतली, याची नोंदच ठेवू नये. छातीवरची पट्टी मात्र काढू नये. आपण कोण हे लपविणे लबाडीचे होईल. कोणी आपणहून विचारले तर आपली श्रद्धा मोकळेपणाने सांगावी, आणि न विचारले तर हातातले काम करावे.

यात दीक्षांचा आकडा घसरण्याचा संभव आहे, व तो घसरला तरी चालेल असे म्हणण्याची पंथाची तयारी हवी. निष्काम कर्माचा पाठ आपण लहानपणापासून घोकतो. तरी आपल्याही कितीशा संस्था देणगीदाराच्या नावाची पाटी लावल्यावाचून विहीर बांधतात? तेव्हा परक्यांस उपदेश करताना आपण नम्र राहिलेले बरे. तथापि कसोटी दोघांसही एकच लावावी. ज्याच्यासाठी आपण झिजलो, तो अखेरपर्यंत आपल्या देवाकडे फिरकला नाही, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आपण त्याच्या कामास जाऊ काय? ज्या अठरा वर्षांच्या मुलास याचे उत्तर होय असे देता येईल, त्याची दोन वर्षे सत्कारणी लागली असे आम्ही समजू.