राउटर आधी उलटा करा, मग हात लावा: ओपनडब्ल्यूआरटी आणि त्यातून उभी राहणारी छोटी सेवा



सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. शनिवारची संध्याकाळ, उल्हासनगर कॅम्पातलं कपड्यांचं दुकान, काउंटरवर गर्दी. दुकानात बिलिंगचा कॉम्प्युटर, कॅमेरे आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल सगळे एकाच वायफायवर. शेठ म्हणाले, "काहीतरी करा." मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम. राउटरवरचं मॉडेलचं नाव पाहिलं, त्या नावाची ओपनडब्ल्यूआरटीची फाईल उतरवली आणि टाकायला गेलो. राउटरने ती नाकारली. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी आगाऊपणा केला आणि रिकव्हरीच्या मार्गाने तीच फाईल जबरदस्तीने आत ढकलली. सगळे दिवे गेले. परत आलेच नाहीत. "भाईसाब, नेट कब चालू होगा?" हे वाक्य त्या संध्याकाळी मी किती वेळा ऐकलं, विचारू नका. शेवटी पदरचे पैसे घालून नवा राउटर बसवून दिला.

मॉडेल बरोबर होतं, व्हर्जन चुकलं होतं. ते व्हर्जन राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेलं होतं. मी राउटर उलटा करून बघितलाच नव्हता.

हे आधी सांगायचं कारण असं, की या कामात सॉफ्टवेअर फुकट आहे. फाईल टाकणं पाच मिनिटांचं आहे, ते कोणीही शिकतो. गिऱ्हाईक पैसे देतो ते "कुठल्या राउटरला हात लावायचा आणि कुठल्याला नाही" या ज्ञानाचे. आजचा लेख त्यावर.

फर्मवेअर म्हणजे काय, आणि हे बदलायला परवानगी कोणी दिली?

राउटर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. त्यात प्रोसेसर आहे, रॅम आहे, आणि हार्ड डिस्कच्या जागी छोटीशी फ्लॅश मेमरी. त्या फ्लॅशमध्ये कंपनीने भरलेलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. कंपनी नवीन मॉडेल काढते आणि जुन्याचे अपडेट बंद करते. डबा धडधाकट असतो, पण आतलं सॉफ्टवेअर म्हातारं होतं.

२००३ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स चालतंय. लिनक्सचं लायसन्स, म्हणजे जीपीएल, सांगतं की ते वापरून वस्तू विकलीत तर त्यातला सोर्स कोडही द्यायला हवा. मागणी झाली आणि कंपनीने कोड खुला केला. त्याच कोडपासून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं 'डब्ल्यूआरटी' त्या राउटरचंच. आज ते शेकडो मॉडेलांवर चालतं. २०२४ च्या अखेरीस या प्रकल्पाने 'ओपनडब्ल्यूआरटी वन' नावाचा स्वतःचा बोर्डही आणला: वायफाय ६, एक जीबी रॅम, केससकट तेव्हा ८९ डॉलर. शिकायला उत्तम बोर्ड. पण असे बोर्ड बाहेरून मागवून विकायचा विचार लगेच करू नका. वायरलेस उपकरण विक्रीसाठी आयात करायला आपल्याकडे सरकारी मंजुरी लागते. आपला कच्चा माल घराघरांतल्या माळ्यावर पडलेला आहेच.

आपल्या पट्ट्यात हे काम कोणाला हवंय?

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. एका लाईनीवरची, एकामागोमाग एक स्टेशनं. लोकलच्या एका पासात तुमचा सगळा 'सर्व्हिस एरिया' बसतो. गिऱ्हाईक मात्र तीन प्रकारचं.

उल्हासनगरचा दुकानदार: त्याला गिऱ्हाइकाला वायफाय द्यायचंय, पण गिऱ्हाइकाचा मोबाइल बिलिंगच्या कॉम्प्युटरपर्यंत किंवा कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचायला नको. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये पाहुण्यांचं नेटवर्क पूर्ण वेगळं करता येतं.

अंबरनाथ एमआयडीसीतला छोटा कारखानदार: ई-वे बिल काढायच्या वेळी नेट गेलं की गाडी गेटवर उभी. त्याच्याकडे दोन कनेक्शन असतील तर एक बंद पडताच दुसऱ्यावर आपोआप जायची सोय करता येते. त्यासाठी 'एमवॅन३' नावाचं जादा पॅकेज असतं.

बदलापूरचं कुटुंब: बाबांची मीटिंग, मुलीचा ऑनलाइन क्लास, मुलाचा गेम, सगळं एकदम. मुलाने मोठं डाउनलोड लावलं की बाबांचा आवाज तुटतो. 'एसक्यूएम' ही सोय लाईनीवरची रांग शिस्तीत लावते, त्यामुळे कॉल तुटत नाही. पण हे खरं सांगा, की जुन्या, कमकुवत प्रोसेसरवर एसक्यूएम लावलं की वरचा वेग कमी होतो. मोठ्या प्लॅनचं कनेक्शन आणि जुना राउटर असेल, तर आधीच सांगून टाका.

हात लावण्याआधीच्या चार तपासण्या

१. मालक कोण? इंटरनेट कंपनीने दिलेला फायबरचा डबा गिऱ्हाइकाचा नसतो, कंपनीचा असतो. त्याला हात लावायचा नाही. त्याच्या पुढे आपला राउटर जोडायचा.

२. व्हर्जन कोणतं? राउटर उलटा करा, स्टिकरचा फोटो काढा. उदाहरण घ्या. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. त्याच्या व्हर्जन १३ मध्ये ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम आहे. व्हर्जन १४ मध्ये ४ आणि ३२. म्हणजे नवीन व्हर्जन जास्त गरीब! नाव एकच, बाहेरून रूप तेच, आतला माल वेगळा.

३. जागा पुरेल का? ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर उपकरणांची यादी आहे, तिथे मॉडेल आणि व्हर्जन शोधा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्यांचा अधिकृत पाठिंबा १९.०७ या आवृत्तीनंतर संपला. ८ आणि ६४ म्हणजे जेमतेम. १६ आणि १२८ असेल तर निवांत काम करा. आर्चर सी६ चं व्हर्जन ३ या गटात बसतं. यादीत नाव नसेल, तर "होत नाही" म्हणा आणि घरी या. नाही म्हणणं हाही धंद्याचाच भाग आहे.

४. परतीचा रस्ता आहे का? त्या उपकरणाच्या पानावर रिकव्हरीची पद्धत वाचा. बऱ्याच टीपी-लिंक राउटरमध्ये रिसेट बटण दाबून धरत चालू केलं की तो कॉम्प्युटरकडून टीएफटीपीने फाईल मागतो. कॉम्प्युटरचा पत्ता काय ठेवायचा आणि फाईलचं नाव काय, हे मॉडेलनुसार बदलतं. कंपनीची मूळ फाईल आधीच उतरवून ठेवा. परतीचा रस्ता माहीत नसेल तर गिऱ्हाइकाच्या राउटरवर प्रयोग करायचा नाही.

प्रत्यक्ष काम

आधी जुन्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. पीपीपीओई असेल तर युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून घ्या. फोटोत पासवर्डच्या जागी ठिपकेच येतात, म्हणून तो केबलवाल्याकडून आधी मागून घ्या. अनेक केबलवाले राउटरचा मॅक ॲड्रेस बांधून ठेवतात, तोही टिपा. नंतर तोच मॅक ओपनडब्ल्यूआरटीमध्ये टाकता येतो.

फाईल घेताना 'स्टेबल' आवृत्तीचीच घ्या, 'स्नॅपशॉट' नको. दोन प्रकारच्या फाईल दिसतील. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा ओपनडब्ल्यूआरटीवर जायचं असेल तर बहुतेक वेळा 'फॅक्टरी'. आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल आणि पुढची आवृत्ती टाकायची असेल तर 'सिसअपग्रेड'. काही मॉडेलांची पद्धत वेगळी असते, म्हणून उपकरणाचं पान हाच शेवटचा शब्द. फाईल उतरली की तिचा एसएचए२५६ आकडा साइटवरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली फाईल इथेच पकडली जाते.

आता लॅन केबलने जोडा. वायफायवरून कधीच नाही. राउटर यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर घ्या, कारण आपल्याकडची वीज कधी डोळा मारेल सांगता येत नाही, आणि फ्लॅश लिहिताना वीज गेली तर राउटर तिथेच बसतो. फर्मवेअर अपग्रेडच्या पानावरून फाईल द्या आणि पाच मिनिटं हात मागे बांधून उभे राहा. दिवे लुकलुकले म्हणून घाबरून प्लग काढू नका. आणि राउटरने फाईल नाकारली तर तो तुमच्यावर उपकार करतोय. माझ्यासारखी जबरदस्ती करू नका.

नंतर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (टाइप करताना इंग्रजी अंक). 'लुसी' नावाचं पान येईल. युजर 'रूट', पासवर्ड कोरा. पहिलं काम पासवर्ड लावणं. वायफाय दिसत नाही म्हणून दचकू नका, बहुतेक राउटरवर ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. चालू करताना देश 'इंडिया' निवडा. जास्त रेंजच्या हव्यासाने दुसऱ्या देशाचा कोड टाकणारे आहेत, पण आपल्याकडे परवान्याशिवाय किती शक्तीने प्रसारण करायचं याची मर्यादा ठरलेली आहे. मग डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा निवडा आणि पासवर्ड दुकानाच्या नावाचा ठेवू नका.

एक नेहमीची अडचण: पुढचा फायबरचा डबाही १९२.१६८.१.१ वर असेल तर दोघांचा पत्ता एक होतो आणि नेट चालत नाही. आपल्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ करा, काम झालं.

सगळं चाललं की सेटिंगचा बॅकअप काढा. एक प्रत गिऱ्हाइकाला द्या. त्यात पासवर्ड असतात, म्हणून तो त्याच्या पेनड्राइव्हवर, व्हॉट्सॲपवर नाही.

धंद्याचं गणित आणि मर्यादा

आकडे समजण्यापुरते धरू. एका कामाचे ८०० रुपये घेतलेत. येणं-जाणं ५० रुपये. उरले ७५०. एक राउटर मेला आणि १६०० रुपयांचा नवा द्यावा लागला, तर ते ८०० गेलेच, वर दोन चांगल्या कामांची कमाई गेली. शिवाय त्या गल्लीतलं नाव गेलं, त्याची किंमत कशात धरणार? म्हणून चार तपासण्यांची दहा मिनिटं हीच तुमची खरी कमाई.

कामाआधी एका कागदावर सही घ्या: मॉडेल, व्हर्जन, कंपनीची वॉरंटी जाऊ शकते, आणि बिघडलं तर कोण काय भरणार. दुकानात काम करायचं तर सकाळी शटर उघडण्याआधी किंवा रात्री. स्वतःचा एक चालू राउटर पिशवीत ठेवा. काही फसलं तर तो जोडून गिऱ्हाइकाचा धंदा चालू ठेवता येतो. त्या शनिवारी माझ्या पिशवीत तो असता, तर निदान शेठचं बिलिंग थांबलं नसतं.

पैसे सॉफ्टवेअरचे म्हणून घेऊ नका, सेवेचे घ्या. बिलावर 'बसवणी आणि देखभाल' लिहा. ओपनडब्ल्यूआरटीचं नाव लपवू नका. राउटर त्यात भरून विकत असाल तर सोर्स कोड मागणाऱ्याला तो देण्याची जबाबदारी जीपीएलप्रमाणे तुमच्यावरही येते. आणि वर्षाचा देखभाल करार नक्की सुचवा. सुरक्षेचे अपडेट येत राहतात, ते टाकायला कोणीतरी लागतंच. एकदाचे ८०० रुपये विसरले जातात, दरवर्षी येणारं गिऱ्हाईक टिकतं.

एक लक्ष्मणरेषा मात्र ओलांडू नका. घरचं कनेक्शन घेऊन शेजाऱ्यांना पैसे घेऊन नेट वाटायचं नाही. त्याला परवाना लागतो. दुकानातून सार्वजनिक वायफाय विकायचंच असेल, तर केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. त्यात छोट्या दुकानदाराला परवाना किंवा नोंदणी लागत नाही, पण नोंदणीकृत ॲग्रिगेटरमार्फतच जावं लागतं.

या आठवड्याचा गृहपाठ

भंगारवाल्याकडून किंवा नातेवाइकाच्या माळ्यावरून एक जुना राउटर मिळवा. ॲडॉप्टर त्याचाच आहे ना ते पाहा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट लावून जाळणारे मी पाहिलेत. मग उलटा करा, व्हर्जन वाचा, यादीत शोधा. जमत असेल तर ओपनडब्ल्यूआरटी टाका, मग मुद्दाम कंपनीच्या फर्मवेअरवर परत आणा, पुन्हा टाका. असं तीन वेळा न अडखळता जमलं, की पहिलं गिऱ्हाईक घ्या. त्याआधी नाही.

शिकताना राउटर मेला तर तो तुमचा असू दे, शेठचा नको. भेटूया पुढच्या लेखात.