१५व्या गुणसूत्रावरील एक लोप, दोन आजार

मानवी पेशीतील गुणसूत्रांच्या २३ जोड्यांपैकी प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून आणि दुसरे पित्याकडून येत असल्याने बहुतेक जनुकांच्या दोन प्रती उपलब्ध असतात, आणि एक निकामी झाली तरी दुसरी काम सांभाळते, असे मानले जाते. १५व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एका लहानशा पट्ट्याला मात्र हा नियम लागू पडत नाही. सुमारे ५० ते ६० लाख आधारक-जोड्यांचा हा पट्टा पित्याकडून आलेल्या गुणसूत्रातून गळला, तर बालकाला प्राडर-विली संलक्षण होते. तोच मातेकडून आलेल्या गुणसूत्रातून गळला, तर एंजेलमन संलक्षण होते. गुणसूत्राचा तुकडा असा गळून जाण्याला लोप म्हणतात.

प्राडर, लॅबहार्ट आणि विली या स्विस डॉक्टरांनी १९५६ मध्ये वर्णिलेल्या पहिल्या आजारात नवजात बालकाचे स्नायू इतके शिथिल असतात की त्याला दूधही नीट ओढता येत नाही. पुढे बालपणातच चित्र उलटते आणि भुकेचे नियमन करणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूतील भागाचे कार्य बिघडलेले असल्याने कितीही खाल्ले तरी तृप्ती होत नाही. ही भूक म्हणजे हावरटपणा नव्हे, आणि अन्नाच्या कपाटाला कुलूप लावणारे पालक निष्ठुर नव्हेत. अतिलठ्ठपणा व त्यातून उद्भवणारे श्वसनाचे आणि हृदयाचे विकार टाळण्यासाठी ते कुलूप आवश्यकच असते. दुसऱ्या आजाराचे वर्णन इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ हॅरी एंजेलमन यांनी १९६५ मध्ये तीन मुलांच्या निरीक्षणावरून केले: बोलणे जवळजवळ नसणे, तोल न सावरणारी चाल, आकडी आणि वरचेवर उमटणारे हसू.

एकाच पट्ट्याच्या लोपाचे असे भिन्न परिणाम का होतात, याचे उत्तर जनुकीय मुद्रांकन या प्रक्रियेत आहे. बीजांड आणि शुक्राणू तयार होताना काही जनुकांवर मिथिल गटांच्या रूपाने रासायनिक खुणा उमटतात, ज्यांच्यामुळे जनुकाची रचना न बदलता ते मूक होते. या पट्ट्यातील काही जनुके केवळ पित्याच्या गुणसूत्रावरच कार्यरत असतात, तर यूबीई३ए हे जनुक मेंदूच्या चेतापेशींमध्ये मातेच्या गुणसूत्रावरूनच काम करते; त्यामुळे कार्यरत प्रत हरपली की उरलेली मूक प्रत तिची जागा घेऊ शकत नाही.

पट्ट्याच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारख्याच डीएनए-क्रमांची पुनरावृत्ती आहे, आणि बीजांड व शुक्राणू घडवणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांची जुळणी होताना ही सारखी टोके चुकीने एकमेकांशी जुळली की मधला भाग वगळला जातो. ही घटना योगायोगाची असून आईच्या आहारविहाराशी किंवा वडिलांच्या वागणुकीशी तिचा संबंध नाही, हे पालकांना निःसंदिग्ध शब्दांत सांगितले गेलेच पाहिजे, कारण अपराधभावाचे ओझे ते वर्षानुवर्षे वाहतात. अशा नव्याने घडलेल्या लोपानंतर पुढच्या अपत्याला तोच आजार होण्याची शक्यता साधारणतः एक टक्क्याहून कमी असते. मात्र दोन्ही आजारांच्या सुमारे ७० टक्के रुग्णांतच लोप आढळतो. उरलेल्यांपैकी काहींमध्ये मुद्रांकनाचे नियंत्रण करणाऱ्या डीएनए-भागातच आनुवंशिक दोष असतो आणि तेथे हा धोका ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून मिथिल खुणा तपासणाऱ्या चाचणीने निदान झाल्यावरही मूळ कारण शोधल्याखेरीज समुपदेशन पुरे होत नाही.

प्राडर-विलीत लवकर सुरू केलेल्या वाढ-संप्रेरकाने उंची आणि स्नायूंचे बळ सुधारते, आणि अनावर भुकेवरील पहिल्या औषधाला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली. एंजेलमनमध्ये पित्याची यूबीई३ए प्रत बहुधा अखंड असते; एक दीर्घ आरएनए रेणू तिला मूक ठेवतो, आणि त्या रेणूलाच नष्ट करून ही प्रत कार्यरत करू पाहणाऱ्या औषधांच्या चाचण्या रुग्णांवर सुरू झाल्या आहेत.