‘लॉयल्टी’ची आधीची चार वर्षं

१९ डिसेंबर १९१४ रोजी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी पंचविशीला टेकलेली एक आगबोट विकत घेतली. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे तिचं नाव. इंग्लंडातल्या बॅरो इथं बांधलेली, १८९०मध्ये पाण्यात उतरलेली, जवळजवळ सहा हजार टनांची. व्हँकुव्हर, योकोहामा, हाँगकाँग या वाटेवर ती टपाल, माल आणि श्रीमंत प्रवासी वाहत असे. दिसायला एवढी देखणी की प्रवासी तिला राजेरजवाड्यांच्या खासगी नौकेसारखी मानत. आता तिच्यात खाटा लागल्या, शस्त्रक्रियेची सोय झाली आणि १९ जानेवारी १९१५ रोजी तिचं नाव बदलून ‘लॉयल्टी’ ठेवण्यात आलं. पहिल्या महायुद्धातलं हे हिंदी संस्थानिकांच्या पैशानं उभं राहिलेलं तरंगतं इस्पितळ. पुढाकार शिंद्यांचा, पण इतर संस्थानिकांनीही हात सैल सोडला होता.

माधवरावांना ही कल्पना नवी नव्हती. १९००मध्ये चीनमध्ये बॉक्सर उठाव झाला, तेव्हा तो मोडायला आठ देशांच्या फौजा गेल्या. हिंदुस्थानातून गेलेल्या तुकडीचे प्रमुख होते जनरल गॅसली. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचा हा चोवीस वर्षांचा वंशज त्यांच्याबरोबर ऑर्डर्ली ऑफिसर म्हणून गेला आणि स्वखर्चानं एक इस्पितळ-बोटही त्यानं मोहिमेला दिली. तिचं नाव ‘ग्वाल्हेर’. चौदा वर्षांनी त्याच कामाचा दुसरा, बराच मोठा अंक सुरू झाला.

यात राजकारण नव्हतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. सरकारची मर्जी राखणं ही त्या काळी प्रत्येक संस्थानाची गरज होती आणि युद्धाला मदत हा मर्जीचा सर्वांत सरळ रस्ता होता. पण देणग्यांतही फरक असतो. तोफांसाठी दिलेले पैसे आणि जखमींच्या अंथरुणासाठी दिलेले पैसे एका पारड्यात घालता येत नाहीत.

समुद्रावरच्या इस्पितळांचे नियम १९०७च्या हेग परिषदेत ठरले होते. त्यांचा बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. अशा बोटी पांढऱ्या रंगाच्या असाव्यात. सैन्याच्या मालकीच्या असतील तर त्यांच्या अंगावर आडवा हिरवा पट्टा, खासगी दानातून किंवा मदतसंस्थांच्या पैशातून चालणाऱ्या असतील तर लाल पट्टा. देशाच्या झेंड्याबरोबर रेड क्रॉसचा झेंडा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं कलम हे, की जखमी, आजारी किंवा बुडता माणूस कोणत्या देशाचा आहे हे न पाहता त्याला मदत करायची. म्हणजे शत्रूचा शिपाईसुद्धा तिथं आधी रोगी ठरत होता. हे नेहमी पाळलं गेलं असं नाही. १९१८मध्ये जर्मन पाणबुडीनं ‘लँडोव्हरी कॅसल’ ही इस्पितळ-बोट बुडवली. तरीही माणसानं युद्धात स्वतःला घालून घेतलेली ही मर्यादा मोलाची आहे.

अशा बोटींची गरज किती होती हे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, दिसलं. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफॉनला लढाई जुंपली आणि चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना बिनस्प्रिंगांच्या गाड्यांतून नदीपर्यंत आणलं. तिथून स्टीमर आणि पडावांतून बसऱ्यापर्यंत नेलं. ‘मेजिदिये’ ही त्यातली एक बोट. बसऱ्यात नांगरलेल्या ‘व्हरेला’ या इस्पितळ-बोटीवरून मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरनं तिला येताना पाहिलं. लांबून त्यांना वाटलं, बाजूंवरून दोर लोंबतायत. ती दोन आठवड्यांची माणसांची विष्ठा होती. मांडीचं हाड मोडलेल्या एका शिपायाच्या पायाला आधार म्हणून व्हिस्कीच्या खोक्याच्या फळ्या बांधलेल्या होत्या. कार्टरनी तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी अटकेची धमकी दिली. पुढं चौकशी आयोग बसला, १९१७मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

असे जखमी समुद्रानं येत ते मुंबईला. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, युद्ध सुरू होण्याच्या थोडंच आधी, मार्च १९१४मध्ये खुली झाली होती. वास्तुविशारद विटेट यांनी आराखडा केलेलं म्युझियमही नुकतंच बांधून झालं होतं. त्यात मूर्ती आणि चित्रं मांडण्याआधी लष्करी इस्पितळ थाटलं गेलं. मराठा पलटणींची भरती रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून होत असे. परळ-लालबागच्या गिरण्यांतही माणसं तिथूनच येत. एक भाऊ साच्यावर, दुसरा पलटणीत अशी घरं चाळीचाळीतून होती, आणि म्हणूनच गोदीला लागणारी जखमींची बोट मुंबईकरांना परकी नव्हती.

धोका दाराशीही आला. जर्मन ‘वुल्फ’ जहाजानं मुंबईबाहेर सुरुंग पेरले आणि २३ जून १९१७ रोजी पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ ही प्रवासी बोट त्यातल्या एकावर आदळून बुडाली. सुरुंगाला पांढरा रंग आणि रेड क्रॉस दिसत नाही. इस्पितळ-बोटींनाही ह्याच पाण्यातून ये-जा करावी लागे.

डॉक्टरांची नावं कागदोपत्री राहतात. बोट चालवणाऱ्यांचं तसं नसतं. त्या काळच्या आगबोटींवर सारंग, टंडेल, सुकाणी, भंडारी आणि भट्टीत कोळसा लोटणारे आगवाले ही सगळी आपल्या किनाऱ्यांवरची माणसं असत, कोकणातली तर पुष्कळच. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या आणि थडगंही न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचं स्मारक मस्जिद बंदराच्या सेलर्स होममध्ये आहे. दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांनी एकदा तरी तिथं जाऊन यावं, ही कळकळीची विनंती.

‘लॉयल्टी’नं युद्धकाळात ४१ फेऱ्या केल्या आणि १५ हजारांहून अधिक रोग्यांना नेलं-आणलं. युद्ध संपलं आणि बोट विक्रीला निघाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना त्याचा सुगावा लागला. नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांबरोबर त्यांनी १९१९च्या मार्चमध्ये ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनी काढली. नाव शिंद्यांवरूनच घेतलं. ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा वालचंद आणि नरोत्तम स्वतः बोटीवर होते. ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी मोडायला निघालेल्या या कंपनीची ही पहिली फेरी. १९६४पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

हा मान रास्तच आहे. पण बोटीचा इतिहास त्या दिवसापासून सुरू झाल्यासारखं बोललं जातं, तेव्हा आधीची चार वर्षं हिशेबातून गळतात. व्यापाराची फेरी धाडसाची होती, तर रुग्णांच्या ४१ फेऱ्या त्याहून कष्टाच्या. ५ एप्रिलच्या भाषणांत बसऱ्याचंही नाव यायला हवं. जुनी झालेली ही बोट नव्या कंपनीला फार दिवस परवडली नाही. १९२१मध्ये ती मुंबईत उभी करून ठेवण्यात आली आणि १९२३मध्ये इथंच मोडीत निघाली. सिंदिया कंपनी मात्र टिकली. बॅलार्ड इस्टेटमध्ये तिचं सिंदिया हाऊस उभं राहिलं आणि १९४८मध्ये तिच्या विशाखापट्टणमच्या कारखान्यातून ‘जलउषा’ पाण्यात उतरली.