आज्ञा आणि सेवा

मुलगा पाच वेळा नमाज पढू लागला म्हणून आईवडील चिंतेत पडावेत, असे मुसलमान घरात घडते हे आमच्या पुष्कळ वाचकांना खरे वाटणार नाही. पण ते घडते. वडील शुक्रवारी मशिदीत जाणारे, रमजानचे रोजे धरणारे आणि चतुर्थीला शेजाऱ्याच्या घरी गणपती पाहून येणारे. मुलगा विशीत येतो, दाढी राखतो, बहिणीच्या लग्नात बँड नको म्हणतो. आणि बँकेतील ज्या नोकरीसाठी वडिलांनी वर्षभर खेटे घातले ती व्याजाच्या व्यवहाराची म्हणून नाकारतो. घरात अबोला धरला जातो. आईवडिलांचे ऐकावे की धर्माचे, या पेचात तो सापडतो आणि त्याचे आईवडीलही सापडतात.

हा पेच इस्लामइतकाच जुना आहे. साद बिन अबी वक्कास हे पैगंबरांच्या अगदी आरंभीच्या अनुयायांपैकी एक. त्यांनी नवा धर्म सोडावा म्हणून त्यांच्या आईने अन्नपाणी वर्ज्य केले, असे परंपरा सांगते. साद मातृभक्त म्हणून ओळखले जात. तरीही, आईला शंभर प्राण असते आणि ते एकेक करून गेले असते तरी आपण ढळणार नाही, असे त्यांनी तिला सांगितले. आई अखेर जेवली. ‘लुकमान’ या सूरहमधील आज्ञा याच प्रसंगाशी जोडली जाते: ईश्वराला भागीदार मानण्याची बळजबरी आईवडिलांनी केली तर ऐकू नये, मात्र ऐहिक जीवनात त्यांच्याशी सौजन्यानेच वागावे. आम्हांस या आज्ञेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. आज्ञा मोडण्याची मुभा तीत आहे, सेवा टाळण्याची नाही. आणि ती मुभाही केवढ्या मर्यादित कारणासाठी! अबू बकर यांची कन्या अस्मा हिने आपल्या मूर्तिपूजक आईशी कसे वागावे असे विचारले, तेव्हाही नाते राख, असेच पैगंबरांनी तिला सांगितले. आमच्या वाचकांना येथे प्रल्हाद आठवेल. त्याने पित्याची आज्ञा मानली नाही, परंतु नृसिंहाकडे वर मागितला तो त्याच पित्याच्या उद्धाराचा.

पुंडलिकाने आईवडिलांची सेवा चालू असता देवाला विटेवर तिष्ठत ठेवले, ही आपल्या नित्य परिचयाची कथा. हदीसमध्ये जुरैज नावाच्या एका तपस्व्याची कथा आहे. ती नेमकी उलटी. तो प्रार्थनेत असता आईने हाक मारली. आई की प्रार्थना, असा विचार करून त्याने प्रार्थनाच चालू ठेवली. पुनःपुन्हा असे घडल्यावर दुखावलेल्या आईने त्याला शाप दिला, आणि त्या पुण्यवानाला तो भोवला. यावरून अनेक शास्त्रकारांनी निर्णय काढला की नफिल, म्हणजे ऐच्छिक, नमाज चालू असता आईने बोलावले तर ती सोडून ओ द्यावी. पाच वेळांची फर्ज नमाज मात्र कोणाच्याही सांगण्यावरून टाळता येत नाही.

फर्ज आणि नफिल यांतील हा भेद तरुण पिढीने ध्यानी घेतला तर अर्धी भांडणे मिटतील, असे आम्हांस वाटते. नमाजेला बसू न देणाऱ्या वडिलांचे मुलाने ऐकू नये. परंतु बहिणीच्या लग्नातील बँड नमाजेच्या पंक्तीत बसत नाही. बँकेच्या नोकरीविषयी उलेमांतही मतभेद आहेत; मुलाने तेथे आपली सदसद्विवेकबुद्धी जपावी, हे आम्हांस मान्य आहे. मात्र नोकरी नाकारून वडिलांच्याच कमाईवर जेवावे आणि वर त्यांनाच हदीस ऐकवावी, ही धर्मनिष्ठा कोणत्या प्रकारची?

वडीलधाऱ्यांचीही झडती घ्यावयास हवी. आईवडिलांस ‘उफ्’ सुद्धा म्हणू नये ही कुराणाची शिकवण त्यांना नेमकी आठवते. वडिलांनी मर्जीविरुद्ध लावून दिलेला खन्सा बिंत खिदाम हिचा निकाह पैगंबरांनी रद्द ठरविला, हे मात्र कन्येच्या लग्नाच्या वेळी आठवत नाही. घराण्याची प्रतिष्ठा धर्माच्या नावावर खपविण्याची ही खोड हिंदू घरांनाही अपरिचित नाही.

ज्याची श्रद्धाच उडाली आहे अशा मुलाची अडचण याहून अवघड आहे. तरी म्हाताऱ्या आईचे औषधपाणी त्यालाही चुकत नाही.

गोव्यातील मुसलमानांना वारशाच्या बाबतीत शरियत नव्हे, तर सर्व धर्मीयांस समान असलेला कायदा लागू आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आणि आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात समाविष्ट झालेल्या नियमानुसार आईवडिलांच्या मालमत्तेतील निम्मा हिस्सा संततीसाठी राखीव असतो. मुलाने दाढी वाढविली, नमाज धरली वा सोडली, म्हणून वडिलांना तो हिरावून घेता येत नाही. ज्या मोजक्या कारणांनी तो काढून घेता येतो त्यांत एक आहे: सबळ कारण नसता आईवडिलांस पोटगी नाकारणे. संहिता लिहिणाऱ्या पोर्तुगालमधील त्या पंडितांनी साद यांच्या आईची कथा ऐकली असण्याचा संभव फारच थोडा.