पट्ट्याचं टेन्शन!

बाबांचं जुनं लेथ मशीन भंगारात निघालं होतं. दोन रविवार, एक खडूची रेघ आणि एक बोटभर पोलाद... बस्स, इतकंच लागलं!

सोमवार ते शुक्रवार आपण काय दुरुस्त करतो? कोड, एक्सेल शीट आणि बॉसचा मूड. हाताला ग्रीस लागेल असं काम शेवटचं कधी केलंत? माझं उत्तर होतं, कध्धीच नाही.

बाबा भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधलं छोटं लेथ आणून गॅरेजमध्ये मांडलं. छंद एकच, नातवंडांसाठी पितळी भोवरे बनवायचे. पण गेल्या दिवाळीपासून मशीन रुसलं. रिकामं असताना छान फिरायचं. टूल जॉबला टेकलं, की चक जागच्या जागी थांबायचा. मोटर मात्र चालूच! ‘वय झालं आता. भंगारवाल्याला बोलाव,’ बाबा म्हणाले. ते मशीनबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, कळेना.

पहिला संशय अर्थातच बेल्टवर. व्ही-बेल्टची पकड असते ती दोन्ही बाजूंनी, तळाने नाही. आमचा बेल्ट झिजून खाचेच्या तळाला टेकला होता, कडा काचेसारख्या चकचकीत. त्यावर छापलं होतं ए-38. ‘ए’ म्हणजे वरची रुंदी 13 मिमी, 38 म्हणजे आतली लांबी इंचांत. बोहरी आळीत गेलो, नवा आणला, बसवला. कट घेतला... चक पुन्हा ठप्प! मी बेल्ट आणखी ताणायला लागलो, तर बाबा ओरडले, ‘अरे, बेअरिंग जाईल!’

पुढच्या रविवारी बाबांनीच खडू काढला. प्लग काढून मोटरच्या पुलीपासून शाफ्टच्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली. मशीन चालू, हलका कट, बंद, पुन्हा प्लग बाहेर. पाहतो तर रेघेचे दोन तुकडे, एक इकडे, एक तिकडे. म्हणजे पुलीच शाफ्टवर घसरत होती!

पुली उतरवली. शाफ्ट आणि पुलीला बांधून ठेवणारा छोटा चौकोनी तुकडा असतो, कारखान्यात त्याला नुसतं ‘की’ म्हणतात. तोच झिजून गोल झाला होता. 19 मिमीच्या शाफ्टला 6 मिमीची की. हॅक्सॉने पट्टी कापली, कानस घेतली. बाबांना आता बारीक दिसत नाही. ते अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, ‘अजून एक हात.’ दीड तासाने की खाचेत अशी बसली, की बोटाने हलेना.

स्विच दाबला. टूल पितळात शिरलं, चक थांबला नाही. बाबांच्या बनियनवर सोनेरी चूर!

करून बघायचंय?
• हात घालण्याआधी प्लग काढा. चकची किल्ली चकमध्ये विसरू नका, सैल बाह्या नकोत.
• मोटर नुसती घुमते, फिरत नाही? कपॅसिटर बघायला इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लग काढल्यावरही त्यात करंट राहू शकतो.
• दोन्ही पुलींच्या तोंडावर दोरा ताणून त्या एका रेषेत आहेत ना, ते पाहा.
• बेल्ट मध्यावर दाबा. दोन पुलींमध्ये 1 मीटर अंतर असेल, तर साधारण 16 मिमी दबला पाहिजे.

आणि हो, भंगारवाल्याला फोन गेलाच. बाबांनीच केला, ‘पितळ आहे का?’ विचारायला!